फॉर्मालीनचा वास नाकात मुरतो का?

प्रश्न : डॉक्टर, मी वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. शवविच्छेदनाचे तास सुरू झाल्यापासून एका गोष्टीने हैराण झाले आहे. हॉलमध्ये शिरलं की फॉर्मालीनचा वास नाकाडोळ्यांना झोंबतो. अर्ध्या तासाने तो जाणवेनासा होतो. पण रात्री अंघोळ करून जेवायला बसले की पुन्हा तोच वास. मैत्रीण म्हणते, वास येतो म्हणजे त्या देहाचेच कण आपल्या नाकात जातात. हे ऐकल्यापासून घास गिळवत नाही. वर्गातली काही मुलं नाकाखाली बाम लावतात, काही तोंडाने श्वास घेतात. हा वास नाकात खरंच मुरतो का? त्याने माझं नाक खराब होईल का? – गंधग्रस्त

प्रिय गंधग्रस्त,

आधी तुझ्या मैत्रिणीचं बोलणं निकालात काढू, कारण घास अडलाय तो तिच्यामुळे. ती अर्धंच खरं बोलते आहे. वास यायचा तर वस्तूतून काहीतरी सुटून नाकापर्यंत यावंच लागतं, यात वाद नाही. पण जे सुटतं ते सुटे सुटे रेणू, आणि तेही हलके. हायड्रोजनच्या अणूचं वजन १ धरलं तर हवेत उडून वास देणारे रेणू साधारणपणे ३०० च्या आतले असतात. फॉर्मालीन म्हणजे पाण्यात विरघळवलेला फॉर्मल्डिहाइड वायू, आणि त्याचा रेणू अवघा ३०. स्नायूतलं एखादं प्रथिन घेतलंस तर ते हजारोंच्या, कधी लाखांच्या घरात. त्याची वाफ होत नाही, म्हणून ते उडूनही येत नाही. म्हणजे तुझ्या नाकात जातं ते मुख्यतः देह टिकवायला वापरलेलं रसायन, त्यात मिसळलेलं असेल तर फिनॉल, आणि चरबीतून सुटणारी थोडी हलकी संयुगं. मैत्रिणीला एवढं सांग आणि जेव.

आता मुरण्याचं. हा प्रश्न मला आवडला, कारण वास घेणं म्हणजे मुळात मुरवून घेणंच आहे. हवेतला रेणू थेट चेतापेशीला जाऊन भिडत नाही. नाकाच्या आतल्या कातडीवर शेंबडाचा एक पातळ थर असतो (शेंबूड म्हटल्यावर नाक मुरडू नकोस, पुढची पाच वर्षं तुला त्याहून बरंच काही पाहायचं आहे). रेणूला आधी त्या थरात विरघळावं लागतं. विरघळला तरच पुढची गोष्ट. नाही विरघळला तर उच्छ्वासाबरोबर आला तसा बाहेर.

ही जागा कुठे आहे तेही बघ. नाकपुडीतून हवा आत शिरते, आणि बाजूच्या भिंतीवरून पडद्यासारख्या आत आलेल्या टर्बिनेटच्या घड्यांमधून मागे घशाकडे वळते. वास ओळखणारी पेशीजाल मात्र वर, छताला आहे, दोन डोळ्यांच्या मधोमध. तिथली फट जेमतेम १-२ मिलिमीटर रुंद असते आणि पेशीजालाचं क्षेत्रफळ प्रत्येक बाजूला काही चौरस सेंटिमीटरच. शांत श्वास घेताना आत आलेल्या हवेतली फार तर १० ते १५ टक्के हवा तिथवर चढते. म्हणून वास नीट घ्यायचा असला की आपण हुंगतो. त्या झटक्याने हवेचा प्रवाह वर ढकलला जातो.

म्हणजे वासाच्या पेशींपर्यंत पोचण्याआधी रेणूला ओल्या भिंतींचा बराच रस्ता कापावा लागतो, आणि त्या वाटेवर काही जण गळतात. कोण किती गळणार हे त्याच्या विद्राव्यतेवर ठरतं. वायू आणि द्रव एकमेकांना भिडले की वायूचा ठरावीक वाटा द्रवात उतरतो, हा विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये मांडलेला नियम तू अकरावी-बारावीला पाठ केला असशील. तोच नियम नाकात चालतो. पाण्यात सहज विरघळणारे रेणू नाकाच्या पुढच्याच भागात शेंबडात उतरतात आणि वरच्या फटीपर्यंत थोडेच पोचतात. तेलकट, पाण्याशी न जमणारे रेणू भिंतींना फारसे न चिकटता मागपर्यंत पसरतात. मॅक्सवेल मोझेल या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात आणि १९७० च्या सुमारास बेडकांच्या नाकावर काम करून हेच दाखवलं : नाकाच्या कातडीवर वेगवेगळे रेणू वेगवेगळ्या अंतरावर उतरतात, प्रयोगशाळेतल्या क्रोमॅटोग्राफीच्या नळीत मिश्रण वेगळं होतं तसे.

याचा एक गमतीचा परिणाम तुझ्या स्वतःच्या नाकात रोज घडतो. आपल्या दोन नाकपुड्यांमधून बहुतेक वेळा सारखी हवा वाहत नाही. आतली कातडी आळीपाळीने फुगते, काही तासांनी बाजू बदलते. १९९९ मध्ये नोम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना दोन पदार्थांचं मिश्रण हुंगायला दिलं. एक पुदिन्याच्या वासाचं कार्व्होन, जे नाकाच्या आतल्या भिंतींत भराभर शोषलं जातं, आणि दुसरं ऑक्टेन, जे फार कमी शोषलं जातं. मोकळ्या नाकपुडीने हुंगल्यावर त्याच मिश्रणात कार्व्होन जास्त वाटलं, चोंदलेल्या नाकपुडीने हुंगल्यावर ऑक्टेन. कारण सरळ आहे. हवा जोरात असली तर लगेच शोषला जाणारा रेणूही वाटेत अडकून न पडता वासाच्या पेशींवर सगळीकडे पसरतो. हवा संथ असली तर तो पहिल्या पट्ट्यातच संपतो, पण ज्याला विरघळायलाच वेळ लागतो त्या ऑक्टेनला तो वेळ मिळतो. बाटली एक, नाक एक, आणि वास दोन.

शेंबडात उतरल्यानंतरचा प्रवास छोटा. थराची जाडी मायक्रोमीटरमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजण्याइतकी, दहा-वीसच्या घरातली. ती पार करायला सेकंदाचा अंश पुरतो. तिथे वासाच्या चेतापेशींचे केसासारखे धागे पसरलेले असतात आणि त्यांवर ग्राही प्रथिनं. माणसात अशी सुमारे ४०० वेगवेगळी ग्राही प्रथिनं आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी त्यांची जनुकं १९९१ मध्ये शोधली आणि २००४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. रेणू ग्राहीत बसला की पेशीत कॅल्शियम शिरतं, विद्युत संदेश उठतो आणि कवटीच्या तळाच्या चाळणीसारख्या हाडातून मेंदूकडे जातो. हे सगळं तुला परीक्षेला येईलच, मी लांबवत नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं : काम झाल्यावर रेणू जातो कुठे? पाठ्यपुस्तकं इथे घाईने पान उलटतात. वासाच्या पेशीजालात आणि तिच्यावरच्या शेंबडात रेणू मोडणारी विकरं असतात, त्यांतली काही यकृतात औषधं मोडतात त्याच कुळातली. काही रेणू खालच्या रक्तवाहिन्यांत जातात. काही शेंबडाबरोबर घशात सरकतात आणि आपण ते नकळत गिळतो. नाकाच्या मुख्य भागातला शेंबडाचा थर मिनिटाला काही मिलिमीटर या वेगाने मागे सरकत असतो, दहा-वीस मिनिटांत जवळपास सगळा नवा होतो. वरच्या फटीत ही हालचाल मंद असते, कारण तिथले धागे वल्ही मारत नाहीत. आणि काही रेणू चक्क परत हवेत सुटतात. ॲसिटोन किंवा अल्कोहोलची वाफ श्वासाबरोबर आत घेतली की नाकाची कातडी तिचा काही भाग धरून ठेवते आणि उच्छ्वासाची हवा वरून गेली की थोडा परत सोडते. तेव्हा नाक थोडा वेळ वास साठवतं हे खरं. थोडा वेळ, म्हणजे मिनिटांच्या हिशेबात. संध्याकाळपर्यंत नाही.

फॉर्मल्डिहाइड तर त्याहूनही कमी टिकतं. पाण्यात इतकं विरघळणारं आणि इतकं उतावीळ रसायन क्वचितच असेल. श्वासातलं ९० टक्क्यांहून जास्त फॉर्मल्डिहाइड वरच्या श्वसनमार्गातच शोषलं जातं, त्यातलं बरंचसं नाकात. शेंबडातल्या पाण्याशी ते लगेच जोडलं जातं आणि मग समोर येईल त्या प्रथिनाला धरतं. तुझ्या टेबलावरच्या देहात ते हेच करून बसलं आहे : प्रथिनांना प्रथिनं बांधून टाकली, म्हणून तो देह कुजत नाही. तुझ्या नाकात ते सगळ्यात आधी शेंबडातली प्रथिनं बांधतं, आणि तो शेंबूड घशाकडे निघून जातो. जे त्याच्याही खाली झिरपतं त्याला पेशींतली विकरं ग्लुटाथायोन या पेशीतल्याच छोट्या रेणूच्या मदतीने भराभर निकामी करतात. शरीर स्वतःही रोजच्या चयापचयात फॉर्मल्डिहाइड तयार करतं, त्यामुळे ही यंत्रणा सज्जच असते. रक्तात ते मिनिट-दीड मिनिटात अर्धं होतं, आणि श्वासावाटे आलेल्याने रक्तातलं मूळचं प्रमाण मोजता येईल एवढं वाढतही नाही.

तेव्हा रात्री जेवताना येणारा वास सकाळच्या फॉर्मल्डिहाइडने नाकात ठाण मांडल्यामुळे येत नाही. मग कशामुळे? माझा पहिला संशय तुझ्या केसांवर. चरबीतून सुटलेले तेलकट रेणू केसांना, कापडाला, बॅगेच्या पट्ट्याला, वहीच्या पानांना चिकटतात आणि तासन्‌तास थोडे थोडे सुटत राहतात. दुसरा संशय हातांवर. हातमोज्यांना बारीक छिद्र असेल, किंवा ते काढताना बोटं बाहेरच्या बाजूला लागली असतील, तर घास तोंडाशी नेताना बोटं बरोबर नाकाखाली येतात. जेवायला बसल्यावरच वास येतो, हे तू लिहिलंस त्यावरून मला बोटांचाच संशय जास्त येतो. शिवाय जेवताना आणखी एक वाट उघडते : चावताना, गिळताना घशातून वर जाणारी हवा मागच्या दाराने त्याच छताच्या फटीत शिरते, आणि तेव्हा आपलं लक्षही वासाकडे असतं. ज्या वासाची किळस बसली आहे तो मेंदू अगदी अंधुक खुणेवरूनही ओळखतो.

हे पडताळून पाहा. वास आला की आधी बोटं हुंग, मग केसांची बट पुढे ओढून हुंग, मग बाही. हॉलमध्ये न गेलेल्या कोणालातरी तेच करायला सांग, कारण तुझं नाक सध्या पक्षपाती आहे. हॉलमध्ये केस टोपीखाली पूर्ण बांधलेले असू देत. ॲप्रन हॉलमध्येच राहील किंवा बंद पिशवीतून येईल, इतर कपड्यांबरोबर धुतला जाणार नाही. मोबाइल टेबलावर ठेवायचा नाही. हातमोजे नायट्राइलचे घे, तासाभराने बदल, आणि काढल्यावर साबणाने नखांखालून हात धू. घरी आल्यावर मिठाच्या पाण्याने एकदा नाक धुवायला हरकत नाही. पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं थेट नको. पण चोंदलेलं नाक मोकळं करणारे थेंब या कामासाठी घालू नकोस. ते चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं.

आता अर्ध्या तासाने वास नाहीसा होण्याचं. या पत्रातली मला खरी काळजी वाटलेली ओळ ती. वास जाणवेनासा झाला याचा अर्थ हवा स्वच्छ झाली असा नाही. रेणू तितकेच येतात, तितकेच शोषले जातात. चेतापेशीत शिरलेलं कॅल्शियमच तिची संवेदना खाली आणतं, आणि मेंदूही न बदलणाऱ्या वासाकडे दुर्लक्ष करायला लागतो. याचं भयंकर उदाहरण हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यासारखा हा वास अगदी कमी प्रमाणातही ओळखू येतो, पण हवेत १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) आसपास झाला की काही मिनिटांत नाक त्याला बधिर होतं. वास गेला म्हणून माणूस थांबतो आणि जिवाला मुकतो. फॉर्मालीन तसं नाही, पण नाकाला मापक समजू नये हा धडा तोच. तू तासाच्या मध्ये पाच-दहा मिनिटं बाहेरच्या हवेत जाऊन ये. परत शिरताना जो वास येईल तो हॉलचा खरा वास. तो रोजच डोळ्यांतून पाणी काढण्याइतका असेल तर प्रश्न तुझ्या नाकाचा नाही, हॉलच्या वायुवीजनाचा आहे.

डोळ्यांतून पाणी काढतं ते तसं वासाच्या चेतापेशींचं कामच नाही. झोंबणं, जळजळ आणि थंडावा चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल चेता सांगते. बामचं फसवं काम इथे चालतं. त्यातला मेन्थॉल याच चेतेच्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवतो, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, आणि त्याचा तीव्र वास दुसऱ्या वासावर मात करतो. फॉर्मल्डिहाइडचा एकही रेणू त्याने अडत नाही. लावलास तर नुकसान नाही, फक्त इशारा देणारी घंटा तू स्वतःच्या हाताने गुंडाळून ठेवतेस एवढं लक्षात असू दे.

तोंडाने श्वास घेणं मात्र मला अजिबात मान्य नाही. नाकाच्या ओल्या भिंती हा वायू शोषून घेतात, म्हणून तो फुप्फुसांपर्यंत फारसा पोचत नाही. तोंड उघडलंस की ती वाट टळते आणि तोच वायू घशात, श्वासनलिकेत जास्त उतरतो. वास कमी येईल, मात्रा नाही. ज्यांना दमा आहे त्या मुलांना हे जरूर सांग.

आणि मास्क. कापडी असो, सर्जिकल असो की एन-९५, तिघेही कण अडवतात, वायू नाही. फॉर्मल्डिहाइड अडवायला त्यासाठी खास प्रक्रिया केलेल्या कार्बनचं काडतूस लावलेला मास्क लागतो. तो विद्यार्थ्यांनी रोज घालावा असं मी म्हणणार नाही, त्याआधी करण्यासारखं बरंच आहे. विच्छेदनाआधी तो भाग पाण्याने धुऊन घेणं, ज्या भागावर काम चालू नाही तो ओल्या कापडाने झाकणं, अवयवांच्या बादल्यांची झाकणं लावणं, पंखे बाहेरच्या दिशेने हवा फेकतील असे चालवणं. तू स्वतः करू शकशील ते म्हणजे वाकून चेहरा टेबलाशी नेण्याची सवय मोडणं. वायू पृष्ठभागाजवळ सर्वांत दाट असतो, आणि पहिल्या वर्षाची मुलं नेमकी नाक टेकवूनच चेता शोधतात. विभागप्रमुखांकडे एकटीने जाण्यापेक्षा वर्गाने मिळून जा, आणि हवेतलं फॉर्मल्डिहाइड मोजलं आहे का ते विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी सांगितलेली मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, अर्ध्या तासाच्या सरासरीने. शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये ती ओलांडली जाणं नवलाचं नाही, म्हणूनच मोजायचं.

राहिला नाक खराब होण्याचा प्रश्न. घाबरवायचं नाही, पण झाकायचंही नाही. १९८० च्या सुमारास मोठ्या उंदरांना दोन वर्षं फॉर्मल्डिहाइडच्या हवेत ठेवून पाहिलं गेलं. १४ पीपीएमला जवळपास निम्म्यांना नाकाचा कर्करोग झाला, ६ पीपीएमच्या जरा खाली अगदी मोजक्यांना, आणि २ पीपीएमला एकालाही नाही. आकडे सरळ रेषेत का चढत नाहीत याचं उत्तर बहुधा शेंबडातच आहे : कमी मात्रेला शेंबूड आणि विकरं पुरी पडतात, मात्रा वाढली की शेंबडाचं सरकणं थांबतं, पेशी मरतात, आणि त्यांच्या जागी भराभर नव्या होताना चुका होतात. माणसांमधला पुरावा पाहून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातलं. तो पुरावा मुख्यतः वर्षानुवर्षं रोज या रसायनात काम करणाऱ्यांचा आहे. तुझे वर्षभराचे तास त्या तोडीचे नाहीत. हॉलचे सेवक, जे देहांची तयारी करतात आणि टाक्या हाताळतात, त्यांना जास्त धोका आहे. वायुवीजनाची मागणी करताना त्यांचं नाव आधी घ्या.

वासाच्या चेतापेशींबद्दल एक दिलासा आहे. शरीरातल्या बहुतेक चेतापेशी मेल्या की परत येत नाहीत, या मात्र खालच्या मूळपेशींपासून आयुष्यभर नव्याने होत राहतात. थोडीफार झीज भरून निघते. तरीही काही गोष्टी झाल्या तर नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे जा : छातीत घरघर, वारंवार नाकातून रक्त, हातांवर पुरळ, किंवा इतर वास दोन आठवड्यांहून जास्त मंदावलेले. आणि सुट्टी लागल्यावर, केस-कपडे-बॅग सगळं धुऊन झाल्यावर, आठवडाभर हॉलमध्ये पाऊल न टाकताही फॉर्मालीनचा वास येत राहिला, विशेषतः अचानक, काही सेकंदच आणि त्या वेळी भान हरपल्यासारखं वाटलं, तर तेही सांग. तेव्हा तपासणी नाकाच्या पुढे मेंदूपर्यंत न्यावी लागते.